झुलूंची रणगीते आणि झुलू समाज

१९६४ साली ‘झुलू’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट निघाला. आपल्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर शेदीडशे इंग्रज सैनिकांनी तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवून धरले, त्या लढाईवर तो बेतलेला आहे. चित्रपटाच्या शेवटी झुलूंचे सैन्य पुन्हा टेकडीवर उभे राहते. आता सारे संपले असे वाटत असतानाच ते सैन्य हल्ला करण्याऐवजी ढाली उंचावून गाऊ लागते. शत्रूच्या शौर्याला दिलेली ती मानवंदना असते. मग सारे शांतपणे निघून जातात. प्रसंग मोठा परिणामकारक आहे. फक्त तो कधी घडला नाही. झुलू माघारी गेले, कारण त्यांच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हते, माणसे जायबंदी झाली होती आणि लॉर्ड चेम्सफर्डची तुकडी दुरून येताना दिसू लागली होती. मानवंदनेचे गीत ही पटकथाकाराची देणगी.

झुलूंच्या रणगीतांविषयी बाहेरच्या जगाची जी समजूत आहे, ती अशाच देणग्यांवर पोसलेली आहे असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वार्ताहरांना त्या गाण्यात रानटी आरोळी ऐकू आली. विसाव्या शतकातल्या चित्रपटवाल्यांना त्यात उमदेपणा ऐकू आला. दोघांनीही गाणारा नेमके काय गातो आहे हे विचारण्याची तसदी घेतली नाही. ही गीते मी ध्वनिमुद्रणांतूनच ऐकली आहेत, आणि वाचले आहे ते मुख्यतः भाषांतरांच्या आधारे. तरीही थोड्याशा अभ्यासानंतर एक गोष्ट ध्यानात आली ती अशी की, ‘रणगीत’ हा आपण वापरतो तो शब्दच या प्रकाराला फार तोकडा पडतो.

झुलू भाषेत या एका शब्दाच्या जागी निदान तीन शब्द आहेत. पहिला ‘इहुबो’, त्याचे अनेकवचन ‘अमाहुबो’. हे समूहाने गायचे गंभीर, संथ गीत. प्रत्येक कुळाचे स्वतःचे इहुबो असते, प्रत्येक पलटणीचे असते आणि राष्ट्राचेही असते. दुसरा शब्द ‘इझिबोंगो’, म्हणजे स्तुतिकाव्य. ते गायचे नसते. ‘इम्बोंगी’ नावाचा स्तुतिपाठक ते एका दमात, धबधब्यासारखे म्हणतो. तिसरा प्रकार ‘इझिगियो’. एकेका योद्ध्याने वर्तुळाच्या मध्ये येऊन, भाला परजत, हवेतल्या शत्रूला भोसकत नाचायचे आणि भोवतालच्यांनी त्याच्या नावाच्या छोट्या घोषणांनी त्याला साथ द्यायची, याला ‘गिया’ करणे म्हणतात. त्या घोषणा म्हणजे इझिगियो. इंग्रजी पुस्तकांतून हे तिन्ही प्रकार ‘वॉर चँट’ या एकाच पोत्यात कोंबलेले आढळतात.

हे सारे कोणत्या समाजरचनेतून आले ते पाहिल्याशिवाय गीतांचा अर्थ लागत नाही. १८१६ च्या सुमारास शाका हा झुलू नावाच्या एका लहानशा कुळाचा प्रमुख झाला. १८२८ मध्ये त्याच्या सावत्र भावांनी त्याचा खून केला. मधल्या बारा वर्षांत त्याने आसपासची शेकडो कुळे जिंकून, जाळून, सामावून घेऊन एक राज्य उभे केले. ते करताना ‘अमाबुथो’ ही पद्धत त्याने पक्की केली. एका वयाच्या तरुणांची एक पलटण. तिला नाव, तिला ठरावीक रंगाच्या कातड्याच्या ढाली आणि तिला स्वतःचे गीत. पलटणीत वेगवेगळ्या कुळांची, कालपर्यंत एकमेकांची गुरे पळवणारी मुले एकत्र यायची. लढाई हे त्यांचे वर्षातले थोड्या दिवसांचे काम. एरवी राजाची शेते नांगरणे, गुरे राखणे, वाडे बांधणे, शिकार करणे हे चाले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राजाने परवानगी दिल्याशिवाय त्या पलटणीला लग्न करता येत नसे. परवानगी मिळाली की डोक्यावर मेणाचे कडे चढवायचे आणि घरी जायचे. तोवर चाळिशी आली तरी तो ‘मुलगा’च.

आता अशा माणसांना एक कोण करणार? कुळ वेगळे, पूर्वज वेगळे. एकत्र गाणे हाच त्यातला एक मार्ग होता, आणि त्यामुळे पलटणीचे इहुबो हे तिच्या नावाइतकेच महत्त्वाचे ठरले. मुलींच्याही वयानुसार पलटणी असत, हे पुष्कळदा विसरले जाते. १८७६ मध्ये राजा सेट्श्वायोने ‘इन्ग्चुग्चे’ नावाच्या मुलींच्या पलटणीला वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या दोन पलटणींतल्या पुरुषांशी लग्ने लावण्याचा हुकूम दिला. पुष्कळ मुलींनी तो मोडला, कारण त्यांचे मन तरुण पलटणींतल्या मुलांवर होते. गळ्यातली माळ गळ्याला पुरत नाही अशा आशयाच्या शब्दांत त्यांनी नकार कळवला. त्यांतल्या काहींना त्यासाठी जीव गमवावा लागला. पलटणीची एकी राजाच्या उपयोगाची होती, तशी ती राजाच्या विरोधातही जाऊ शकत होती.

अमाहुबो ऐकताना पहिला धक्का बसतो तो संथपणाचा. रणगीत म्हटल्यावर आपण द्रुत लयीची, ढोलांच्या गजराची अपेक्षा करतो. इथे ढोल नाही. कोणतेच वाद्य नाही. हजारभर पाय एकदम जमिनीवर आपटतात, ढालीवर भाल्याचा दांडा वाजतो, आणि एरवी सारे काम कंठाचे. एकजण ओळ उचलतो; त्याची ओळ संपण्यापूर्वीच समूह दुसऱ्या ओळीने आत शिरतो; समूहाची ओळ संपायच्या आत तो पहिला पुन्हा सुरू झालेला असतो. दोन्ही ओळी एकमेकींवर चढत राहतात. त्यामुळे गाण्याला शेवट असा नसतोच. ते चक्रासारखे फिरत राहते आणि थांबते ते गाणाऱ्यांनी थांबवले म्हणून. शब्द फार थोडे. कधी कधी एकच वाक्य आणि बाकी नुसते ओकार-हुंकार. झुलू ही स्वरभेदाची भाषा आहे. ‘इथांगा’ हाच शब्द एका चढउताराने उच्चारला तर भोपळा आणि दुसऱ्याने उच्चारला तर मांडी. साहजिकच चालीला शब्दाच्या चढउताराचे भान ठेवावे लागते. बोलण्यातूनच गाणे उगवते असे म्हणतात, ते या भाषेत बरेचसे अक्षरशः खरे आहे.

इहुबो म्हणजे केवळ माणसांचे गाणे नव्हे. कुळाचे इहुबो गाईले की कुळाचे पूर्वज, ‘अमाद्लोझी’, जागे होतात अशी श्रद्धा आहे. म्हणून ते सहज, रस्त्याने जाताना गुणगुणायचे नसते. घरातला सर्वांत पवित्र भाग म्हणजे गुरांचा गोठा. पूर्वजांचा वास तिथे. गंभीर प्रसंगीची गीते तिथे गातात. लढाईला जाण्यापूर्वी सैन्य गाते ते शत्रूला घाबरवण्यासाठी नव्हेच, कारण शत्रू अजून शंभर मैलांवर असतो. ते मेलेल्यांना सोबत बोलावण्यासाठी असते. लग्नातही वधूपक्ष आपल्या कुळाचे इहुबो गात वरपक्षाच्या अंगणात शिरतो. आपली मुलगी आता दुसऱ्या घरी चालली हे त्या गाण्यातून पूर्वजांना कळवले जाते. अंत्यविधीतही तेच. एकच गीत लग्नात, मरणात आणि लढाईत चालत असेल तर त्याला रणगीत का म्हणायचे, हा प्रश्न कुणालाही पडावा.

तरीही लढाईत त्याचे काम होते, आणि ते कसे होते याचा इसान्ड्लवानाइतका चांगला दाखला दुसरा नाही.

१८७९ च्या जानेवारीत इंग्रजांनी झुलू राज्यावर चढाई केली. सेट्श्वायोने सैन्य राजधानीत बोलावले. निघण्यापूर्वी त्याने पलटणींच्या जोड्या लावल्या. न्गोबामाखोसी आणि खांडेम्पेम्वू या दोन तरुण पलटणींना राजासमोर आमनेसामने उभे केले. एकेकजण पुढे येई, गिया करी, आणि समोरच्या पलटणीतल्या कुणाला तरी नावानिशी आव्हान देई : शत्रूच्या गोटात तुझ्याआधी मी शिरेन, पैजेला माझी गुरे. ही चढाओढ गमतीची नव्हे. वर्षभरापूर्वीच्या पहिल्या पिकाच्या सणात याच न्गोबामाखोसींची आणि वडीलधाऱ्या थुल्वाना पलटणीची खरोखरच जुंपली होती आणि तीत डझनावारी माणसे मेली होती. राजाने तीच धग शत्रूकडे वळवली.

२२ जानेवारीला सुमारे वीस हजार झुलू इसान्ड्लवाना डोंगराजवळच्या एका दरीत दबा धरून बसले होते. चित्रपटांतून दिसते तसे ते गात नव्हते. पूर्ण शांत होते. अमावास्येचा दिवस लढाईला अशुभ म्हणून हल्ला दुसऱ्या दिवसावर टाकलेला. इंग्रजांच्या घोडेस्वारांची एक टेहळणी तुकडी अवचित दरीच्या काठावर आली आणि खाली पाहते तो हे दृश्य. मग थांबणे शक्यच नव्हते. पुढे येणाऱ्या सैन्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खोल गुंजारव येत होता असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले आहे. रायफलींच्या माऱ्याने मधली फळी, तीत खांडेम्पेम्वू होते, ओहोळांत आणि गवतात आडवी पडली. पुढे सरकेना.

त्या वेळी काय झाले ते झुलू साक्षीदारांनी पुढे सांगितले आणि ते लिहून ठेवले गेले. टेकडीवर उभ्या असलेल्या सेनापतींकडून म्खोसाना नावाचा बियेला कुळातला एक सरदार धावत खाली आला आणि गोळ्यांच्या वर्षावात उभा राहून त्याने राजाच्या इझिबोंगोतली एक प्रतिमा ओरडून सांगितली. सेट्श्वायोच्या स्तुतिकाव्यात त्याला वणवा झोडपून विझवणारी पालवीची लहानशी डहाळी म्हटले आहे. ही डहाळी म्हणजे १८५६ च्या यादवीत भावाचा पाडाव करणारा तरुण राजपुत्र, आणि वणवा म्हणजे गोऱ्या व्यापाऱ्यांच्या बंदुकांचा पाठिंबा मिळालेला त्याचा प्रतिस्पर्धी. त्या डहाळीने तुम्हाला असे झोपून राहायला सांगितले नव्हते, एवढेच त्याच्या बोलण्याचे सार. तो तिथेच डोक्यात गोळी लागून मेला. पलटण उठली. शेजारी न्गोबामाखोसींमध्येही कुणीतरी राजासमोरच्या पैजांची आठवण करून दिली : खांडेम्पेम्वू पाहा, तंबूत शिरताहेत, आणि तुम्ही? दुपारपर्यंत इंग्रजांच्या छावणीतली तेराशेहून अधिक माणसे मेली होती. झुलूंचीही निदान हजारभर.

इथे थोडे थांबावेसे वाटते. म्खोसानाने काही नवे सांगितले नाही. हुकूमही दिला नाही. सर्वांना पाठ असलेल्या काव्यातली एक जागा त्याने नेमक्या क्षणी उच्चारली. त्यामागची तेवीस वर्षांपूर्वीची यादवी, त्यात जळालेली माणसे, गोऱ्यांच्या बंदुकांना पूर्वी एकदा नमवले होते ही स्मृती, हे सारे त्या एका प्रतिमेत बांधलेले होते आणि ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावे लागले नाही. ज्या समाजात लिपी नव्हती त्याच्या इतिहासग्रंथाचे एक पान त्या माणसाने रणांगणात उघडले, असे मी म्हणेन.

‘उसुथु!’ ही झुलूंची प्रसिद्ध युद्धघोषणा घ्या. तीही याच यादवीतून आली. २ डिसेंबर १८५६ रोजी थुकेला नदीजवळ न्दोंडाकुसुका येथे सेट्श्वायो आणि त्याचा भाऊ म्बुयाझी यांच्या पक्षांची लढाई झाली. सेट्श्वायोचा पक्ष स्वतःला उसुथु म्हणवी. सुथु लोकांकडून लुटून आणलेल्या गुरांवरून हे नाव पडले. म्हणजे मुळात गुरांच्या जातीचे नाव, मग एका पक्षाचे, मग राजाच्या सैन्याची आरोळी, आणि पुढे राज्य गेल्यावर राजनिष्ठेची खूण. एका शब्दाचा हा प्रवास मोठा बोलका आहे.

स्तुतिपाठकाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. इम्बोंगी म्हणजे भाट असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण भाट म्हटला की खुशामत आलीच. इम्बोंगीला मात्र राजाच्या तोंडावर बोलण्याची मुभा होती, आणि ती तो वापरत असे. शाकाला मारून गादीवर आलेल्या डिंगानेच्या इझिबोंगोत त्याला खोल, निश्चल डोहाची उपमा आहे. दिसायला शांत, पण आत उतरणारा वर येत नाही. ही स्तुती म्हणायची की इशारा? दोन्ही. राजाला ती दरवेळी ऐकून घ्यावी लागे. जेम्स स्टुअर्ट या नाताळमधल्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वृद्ध झुलूंना बसवून अशी शेकडो काव्ये आणि साक्षी लिहून घेतल्या. वर सांगितलेले इसान्ड्लवानाचे प्रसंग आपल्याला कळतात त्याचे पुष्कळ श्रेय त्या कागदांना आहे. हा माणूस वसाहतीच्या सरकारचा न्यायाधिकारी होता हेही विसरता येत नाही. ज्यांनी राज्य मोडले त्यांच्यातल्याच एकाने त्याची स्मृती जपली.

४ जुलै १८७९ रोजी उलुंडी येथे झुलूंचा पराभव झाला. राजाला कैद झाली, राज्याचे तेरा तुकडे करून तेरा प्रमुखांना वाटले, आणि अमाबुथोची पद्धत बंद झाली. राजाच्या गोठ्यात सगळ्या पलटणींनी एकत्र गाण्याचा तो पहिल्या पिकाचा सण, ‘उमखोसी’, त्याचीही तीच गत. गाणे मनाई करून थांबत नाही. पण ज्या प्रसंगी ते गायचे तो प्रसंगच काढून घेतला तर काय करणार?

१९०६ साली ही गीते पुन्हा रणांगणात ऐकू आली. नाताळ सरकारने माणशी एक पौंडाचा कर बसवला होता. बंबाथा नावाच्या प्रमुखाने बंड पुकारले. बंडखोरांनी गाईच्या शेपटीच्या केसांचे तुरे लावले आणि ‘उसुथु’ची घोषणा दिली. सरकारने तोफा आणि मशीनगन आणल्या. तीन हजारांहून अधिक झुलू मारले गेले. या प्रकरणाशी आपल्या इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे. मोहनदास गांधी त्या वेळी नाताळमध्ये विसाहून अधिक हिंदी स्वयंसेवकांचे शुश्रूषापथक घेऊन सरकारच्या बाजूने गेले होते. गोरे लोक ज्यांना हात लावायला तयार नव्हते, अशा चाबकाच्या फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा धुण्याचे काम या पथकाच्या वाट्याला आले. हे युद्ध नव्हते, माणसांची शिकार होती, असे पुढे आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. ते सरकारी बाजूला होते ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही, आणि पुसूही नये. पण त्यांनी जे पाहिले ते लिहिले हेही तितकेच खरे.

रणांगण गेल्यावर गीते कुठे गेली, हा मला या सगळ्यातला सर्वांत रंजक भाग वाटतो. १८८३ मध्ये संपूर्ण बायबल झुलू भाषेत छापून निघाले. झुलू बायबलात स्तोत्रसंहितेचे नाव आहे ‘अमाहुबो’! पलटणींच्या आणि पूर्वजांच्या गीतांचा शब्द मिशनऱ्यांच्या ग्रंथात दाविदाच्या स्तोत्रांना लागला. शब्द निवडणाऱ्यांचा कान चांगला होता असे म्हटले पाहिजे. समूहाने, गांभीर्याने, अदृश्य शक्तीला उद्देशून गायचे गीत यासाठी त्या भाषेत दुसरा शब्द नव्हता. पुढे इसाया शेंबे या धर्मोपदेशकाने १९१० च्या सुमारास स्वतःचा पंथ काढला. त्याच्या पंथात प्रार्थनेबरोबर नाच आला, चामड्याचे पोशाख आले, आणि त्याच्या रचनांत जुन्या अमाहुबोंची संथ चाल शिरली. ही स्तोत्रे १९४० साली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, पुस्तकरूपाने छापली गेली.

दुसरी वाट शहराकडे गेली. जोहान्सबर्गला १८८६ मध्ये सोने सापडले आणि झुलू तरुण खाणींत, गोदींत, साहेबांच्या स्वयंपाकघरांत कामाला गेले. रविवारी बराकींच्या अंगणात ते पाय आपटून नाचत. लढाऊ नाचातून निघालेला ‘इंडलामू’ तो हाच. दर्बान शहरात १९२९ च्या दंगलीनंतर अधिकाऱ्यांना या नाचाची धास्ती वाटू लागली आणि त्यांनी त्याला मैदानात, स्पर्धांत, बक्षिसांत बांधले. याच मजुरांच्या वसतिगृहांत ‘इसिकाथामिया’ हा समूहगानाचा प्रकार फुलला. या शब्दाच्या मुळाशी मांजरपावलांनी चालणे हा अर्थ आहे. गावी जमीन हादरवणारे पाय शहरात चवड्यांवर आले. जोसेफ शबालालांच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या समूहाने हा प्रकार जगभर नेला. पण त्यांच्या गाण्यातही एकाने उचलायचे आणि समूहाने त्याच्यावर चढायचे ही जुनी रीत कायम आहे.

तिसरी वाट थट्टेची आहे. स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल १८८८ मध्ये झुलूलँडमध्ये होता. तिथे ऐकलेल्या एका समूहगीताची मोडकीतोडकी आवृत्ती त्याने १९०८ च्या ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ या पुस्तकात शेकोटीभोवती म्हणायला दिली. तीत सिंह आणि पाणघोडा यापलीकडे फारसे काही उरलेले नाही. जगभरच्या स्काउटांनी ती म्हटली. पूर्वजांना जागे करणारे गीत ते हेच का, हे ऐकून एखादा झुलू वृद्ध हसला असता की संतापला असता, कोण जाणे.

ही परंपरा शुद्ध रूपात टिकवण्याचे काम एका स्त्रीने केले. राजकन्या मागोगो यांचा जन्म १९०० चा. सेट्श्वायोचा मुलगा डिनुझुलू हे त्यांचे वडील. आजीच्या पिढीतल्या राजस्त्रियांकडून त्यांनी जुनी गीते ऐकली. ‘उगुभू’ हे भोपळा लावलेले, एका तारेचे धनुष्यवाद्य वाजवत त्या गात. ह्यू ट्रेसी, डेव्हिड रायक्रॉफ्ट अशा अभ्यासकांनी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि अमाहुबोंविषयी आज जे शास्त्रशुद्ध लिहिले जाते त्याचा बराच भाग त्यांच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. १९८४ मध्ये त्या वारल्या. २००२ साली त्यांच्या जीवनावर झुलू भाषेतली ऑपेरा झाली. सुरुवातीला ज्या चित्रपटाचा उल्लेख केला त्यात सेट्श्वायोची भूमिका करणारे मांगोसुथु बुथेलेझी हे या मागोगोंचेच चिरंजीव.

आणि बुथेलेझींचे नाव आले की या विषयाची काळी बाजू टाळता येत नाही. १९७५ मध्ये त्यांनी इंकाथा ही संघटना काढली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९४ च्या निवडणुकीपर्यंत इंकाथा आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्या अनुयायांमध्ये नाताळात आणि जोहान्सबर्गच्या वसतिगृहांभोवती जो रक्तपात झाला त्यात हजारो माणसे मेली. पुष्कळ ठिकाणी मारणारे आणि मरणारे दोघेही झुलू. भाले, काठ्या, ढाली घेतलेले जथे जुनी गीते गात रस्त्यांवरून जात. ही आमची सांस्कृतिक शस्त्रे आहेत, ती बाळगणे हा आमचा हक्क आहे, असा युक्तिवाद होई. २८ मार्च १९९४ रोजी राजाच्या समर्थनार्थ जोहान्सबर्गमध्ये निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे रस्त्यात पडली. ‘संस्कृती’ या शब्दापुढे आपण विद्यार्थी फार लवकर नमतो. ज्या वस्तीत रात्री हे गाणे जवळ जवळ येत जाते, तिथल्या आईला त्याची प्राचीनता सांगून काय उपयोग?

मुक्तिसंग्रामातल्या गीतांचाही प्रश्न तसाच सुटता सुटत नाही. गोऱ्या राजवटीविरुद्धच्या लढ्यात म्हटलेले, ‘बुअर’ला गोळी घाला अशा अर्थाचे एक गीत २०११ साली दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने द्वेषमूलक ठरवले, २०२२ मध्ये दुसऱ्या निकालाने तेच गीत द्वेषमूलक नाही असे सांगितले. शब्द शब्दशः घ्यायचे की परंपरेने घ्यायचे, हा त्यातला वाद. मला दुसऱ्या निकालाची बाजू अधिक पटते, कारण या परंपरेत गीताचा अर्थ शब्दांपेक्षा प्रसंगात असतो. पण हे म्हणताना नव्वदच्या दशकातले ते जथे डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि प्रसंग बदलला की अर्थ उलटही होतो हेच त्यांनी दाखवले.

राज्य गेले तरी राजघराणे राहिले. राजा गुडविल झ्वेलिथिनी यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उमखोसीचा सण पुन्हा सुरू केला. अमाबुथो आता सैन्य नाहीत. नोकरी-धंदा करणारे पुरुष सणासमारंभाला कातडी नेसून, ढाली घेऊन जमतात. १२ मार्च २०२१ रोजी राजा वारला. त्याचा देह नोंगोमा गावातून राजवाड्याकडे नेला तेव्हा हे अमाबुथो गात पुढे चालले होते, आणि दूरचित्रवाणीवर सगळ्या देशाने ते पाहिले. दफन मात्र रात्री झाले. राजाला पुरले असे झुलू भाषेत म्हणत नाहीत. बी लावावे तसे त्याला ‘लावले’ असे म्हणतात. त्या वेळी राजघराण्यातले निवडक पुरुष तेवढे हजर होते, आणि कॅमेरे बाहेर ठेवले होते.